तळ्याला विरजण

अप्पारावाचे मासे पहाटं पाण्यावर तोंड काढून जांभया द्यायला लागले, तवाच त्यानं ओळखायला पाहिजे होतं. पण गडी बावीस वर्षं वाळूजच्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये घासलेला. सकाळी सकाळी जांभई देणारा जीव त्याला आजारी वाटतच नव्हता. "नाइटवाले असतील," म्हणला मनाशी, आन् खाद्याचं घमेलं पाण्यात उपडं करून चहाला घरी आला.

चौथ्या दिवशी त्यातले सहा जण उताणे झाले. पाचव्या दिवशी अकरा. कल्ल्याखाली तांबडे डाग, शेपटी कुरतडल्यासारखी, आन् तळ्यावर वास असा, जणू कुणी अंडी फोडून तिथंच विसरून गेलंय.

तळं म्हणजे शेततळं. लासूर स्टेशनपासून सहा किलोमीटर आत अप्पारावाचं दोन एकर रान. वरच्या अंगाला खड्डा खणून काळा कागद अंथरलेला, त्यात पाणी, आन् पाण्यात चार हजार रोहू-कटला. कंपनी सोडून गावी आला तवा सगळे म्हणत होते, मोसंबी लाव. ह्यानं मासे लावले. "मोसंबी माणसाकडं बघत नाय," म्हणायचा, "मासा बघतो." मासा खाद्याकडं बघतो खरं तर, पण माणसाला तेवढंच पुरतं.

आता अप्पारावाची एक जुनी गोष्ट सांगावी लागंल, नायतर पुढचा तमाशा कळणार नाय. वाळूजला असताना तो प्यायचा. किती प्यायचा ते इचारू नका. एकदा नाइट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये झोपला तो झोपलाच. ती बस दिवसभर माणसं नेत-आणत राहिली आन् अप्पाराव आपल्याच दारापुढून चार वेळा गेला. पाचव्या वेळी त्याची बायको सत्यभामा रस्त्यात आडवी उभी राहिली, बस थांबवली, आन् सगळ्या शिफ्टच्या देखत त्याला बखोटीला धरून उतरवलं. त्या दिवशी पोरीचा, विशाखाचा, बारावीचा निकाल होता. बापाला तो दुसऱ्या दिवशी कळला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात पंचशील चालू होतं. पाचव्या शीलापाशी, म्हणजे दारू-नशेच्या शीलापाशी, सगळे आले तशी सत्यभामेनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. "हे मोठ्यानं म्हणा." अप्पाराव मोठ्यानं म्हणला. एवढ्या मोठ्यानं, की पुढं बसलेली म्हातारी माणसं मागं वळली. तवापासून थेंब नाय. आठ वर्षं झाली. कुणी इचारलं, बाबा तुझ्याकडं काय हाय, तर हा रान सांगायचा नाय, तळं सांगायचा नाय. "आठ वर्षं हायेत," म्हणायचा. सत्यभामेच्या नजरेत ती आठ वर्षं हाय तशीच राहावीत, ह्यापलीकडं त्याला काही नको होतं.

आन् सत्यभामा काय साधी बाई नव्हती. तीन वर्षांखाली गावात बाटलीचं मतदान झालं. बायांनीच मतं द्यायची. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला जास्त मतं पडली तर दारूचं दुकान बंद. आडवी जिंकली, दुकानाला कुलूप लागलं, आन् महिनाभरात दारू दुकानातून उठून रानात जाऊन बसली. मग बायांनी समिती काढली. अध्यक्ष सत्यभामा. ग्रामसभेत ठराव झाला: गूळमिश्रित रसायन आढळल्यास जागेवर नष्ट करण्यात यावे. ही भाषा पोलिसांची. हातभट्टी लावायच्या आधी गूळ सडवत ठेवतेत ना, त्याला पंचनाम्यात रसायन म्हणतेत. तवापासून आमच्या तिकडं रसायन म्हणलं की शेंबडं पोरगंबी समजून घेतं.

ठराव वाचून झाल्यावर सत्यभामा उभी राहिली होती. "ड्रम कुनाचा हाय ते बघायचं नाय. माझ्या नवऱ्याचा असला तरी उलटायचा." सगळी सभा अप्पारावाकडं बघून हसली. अप्पाराव पण हसला. त्याच्याकडं तवा ड्रमच नव्हता.

तर मासे मरायला लागल्यावर अप्पाराव लासूरला बाजारात गेला. औषधाच्या दुकानदारानं एक डबा दिला. म्हणला, जालीम हाय, तळ्यात एक जंतू शिल्लक राहणार नाय. अप्पारावानं एकदा टाकलं. मासे मरायचे थांबेनात म्हणून पुन्हा टाकलं. मग रोजचे पंधरा मरायला लागले. तवा कुठं त्याला आठवलं, की आपली पोरगी माशांचंच कॉलेज शिकलीय आन् कोकणात कोळंबीच्या प्रकल्पावर नोकरीला हाय. घरच्या माणसाला इचारायचं माणसाला नेहमी शेवटीच सुचतं.

"पप्पा, काय टाकलं तुम्ही पाण्यात?" विशाखा फोनवर म्हणली.

"जंतू मारायचं औषध."

"किती वेळा?"

"दोनदा. पयल्यांदा कमी पडलं म्हून."

तिकडं पोरीनं कपाळावर हात मारला असावा, कारण फोनवर चापट वाजली. "पप्पा, तळ्यात चांगले जंतूपण असतात. ते तळाची घाण खातात, पाणी साफ ठेवतात. माशाच्या आतड्यात राहून त्याला पचायला मदत करतात. तुम्ही वाइटाबरोबर तेसुद्धा मारले. वाईट लगेच परत वाढले, चांगले काही वाढले नाहीत."

"म्हंजी परमनंट कामगार काढून टाकले आन् गेटवरची गुंडं आत घेतली."

"तसंच समजा. आता चांगले जंतू बाहेरून आणून भरायचे. प्रोबायोटिक म्हणतात त्याला. दुधाला विरजण लावतो ना आपण? तसं तळ्याला विरजण."

"आन् हे परमनंट ऱ्हातेल का?"

"नाही. दर पंधरा दिवसांनी परत टाकायचं."

"कंत्राटी," अप्पारावानं सुस्कारा सोडला. "माशाच्या आतड्यात बी तेच सुरू झालं म्हणा की."

विशाखानं सगळं समजून सांगितलं. दोनशे लिटरचा ड्रम, पाच किलो गूळ, तांदळाचा कोंडा, प्रोबायोटिकचं पाकीट, कोमट पाणी. आत हवेची नळी सोडायची, बुडबुडे चालू ठेवायचे. थंडीचे दिवस, म्हणून ड्रम उबेत ठेवायचा. दोन दिवसांनी ताकासारखी आंबट चव आली की तयार. थेंबभर जिभेला लावून बघायचं. आन् तयार झालं की त्याच दिवशी, ऊन तापल्यावर, तळ्यात सोडायचं. ठेवलं तर आतले जंतू उपाशी मरतील.

"बरं, हे केमिकल टाकताना हातमोजे—"

"पप्पा! केमिकल नका म्हणू. जिवंत आहे ते. पाकिटावर वाचा, मोठ्या अक्षरात लिहिलंय."

पाकिटावर लिहिलेलं होतं: शंभर टक्के रसायनमुक्त. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, रंगाच्या टाक्यांपाशी, जन्म काढलेला माणूस. टाकीत जे असतं त्याला काहीतरी नाव लागतंच. प्रोबायोटिक त्याच्या तोंडात बसंना, त्याचं प्रोबाटिक व्हायचं. केमिकल म्हणलं की पोरगी वरडायची. मग त्यानं पाकिटावरचाच शुद्ध मराठी शब्द उचलला, रसायन. 'मुक्त' तेवढं गाळलं.

संभाजीनगरला जाऊन त्यानं पाकीट आणलं. गुलमंडीच्या मागं काचेच्या पेटीतले मासे इकणारा एक जण हाय, त्याच्याकडून हवेचा पंप आणला. निळा ड्रम घरचाच होता. सगळं जमलं, फक्त एक गोष्ट राहिली. सत्यभामेला सांगायचं.

आता तुम्हीच सांगा, कसं सांगायचं? रानात ड्रम ठेवलाय. त्यात गूळ घातलाय. वर फेस यायलाय. ह्या तीन वाक्यांतलं एकपण वाक्य, ज्या नवऱ्यानं आधी पिलेली हाय, त्यानं बायकोला सांगू नये. अप्पारावानं सकाळी सांगायचं ठरवलं, मग म्हणला दुपारी सांगू, मग म्हणला मासे बरे झाल्यावरच सांगू, म्हणजे सांगायला तोंड राहील. ड्रम मोटारीच्या खोलीमागं कडब्याच्या आडोशाला ठेवला, आन् उबेसाठी घरातली एक गोधडी आणून त्याला गुंडाळली. बाळंतिणीला जपावं तसं.

"मासे कसे हायेत?" सत्यभामेनं जेवताना इचारलं.

"इलाज चालू हाय."

"कंचा?"

"पोरीनं सांगितलाय." खोटं नव्हतं. पण त्याला ते खोट्यासारखंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रमाला असा रंग चढला, की बांधावरून जाणारा माणूस नाक वर करून थांबावा. गोड-आंबट, उग्र वास. अप्पारावानं आनंदानं पोरीला फोन लावला. कंपनीत मशिनीच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं हा फोनवर बोलला तर फोनची गरज नाय.

"व्हय गं! रसायन झक्कास आलंय! वर असा फेस चढलाय. गूळ मोजून पाच किलो घातला. उद्या धा वाजता काढतो. नाय नाय, चाखलं नाय अजून. आन् तुझ्या आईला काय बी सांगितलेलं नाय."

बांधापलीकडं कपाशी येचत दगडाबाई होती. दगडाबाई म्हणजे शेजारच्या पुंजारामाची बायको. पुंजाराम गावातला एक नंबरचा पिणारा, म्हणून दगडाबाई समितीत सगळ्यांत आधी आलेली. पण तिच्या पोटात एक गोष्ट सलत होती. गेल्या साली समितीनं तिच्याच रानातला ड्रम उलटला होता. ती घसा फोडून सांगत होती, बायांनो, हे जीवामृत हाय, पिकाला घालायचं, गूळ हाय पर शेण बी हाय त्यात, गोमूत्र हाय. पण नवऱ्याची कीर्ती आडवी आली. कुणी ऐकलं नाय. सत्यभामेनं स्वतः लाथ घातली ड्रमाला. दगडाबाई तरी समितीतून निघाली नाय. कधीतरी आपला पण दिवस येईल म्हणून टिकून राहिली.

तो दिवस आता फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दगडाबाई सत्यभामेच्या दारात. "ताई, ड्रम सापडलाय. गूळ, फेस, सगळं हाय. धा वाजता काढनार हायेत."

"कुनाचा हाय?"

"ड्रम कुनाचा ते बघायचं नाय, असं तुमीच म्हनला व्हता. चला."

सत्यभामेनं पदर खोचला. बचत गटाची सुलेखा, आणखी चार-पाच बाया, हातात काठ्या. वाटेनं सत्यभामा सगळ्यांच्या पुढं. पुंजारामाचं रान आलं, तिला वाटलं इथंच वळायचं. दगडाबाई वळली नाय. मग बांध आला, बांधापलीकडं मोटारीची खोली आली, आन् खोलीमागं कडब्याच्या आडोशाला निळा ड्रम, ड्रमाला गुंडाळलेली गोधडी. गोधडीत मधोमध हिरव्या लुगड्याचा तुकडा. ते लुगडं सत्यभामेच्या आईचं.

सगळ्या बाया मागं सरकल्या. दगडाबाई सोडून.

"वळखीची गोधडी दिसतीय," ती म्हणली.

अप्पाराव तळ्यावरून बादली घेऊन आला तर ही पलटण. बादली खाली ठेवायचं त्याला सुचलं नाय.

"हे काय हाय?" सत्यभामेनं इचारलं. आवाज लई शांत. बस थांबवली होती त्या दिवशी पण असाच होता.

"रसायन," अप्पाराव म्हणून गेला.

बायांनी एकमेकींकडं बघितलं. आजवर शेकडो ड्रमवाल्यांनी शेकडो बहाणे सांगितले, पण इतका इमानदार गुन्हेगार कुणी बघितला नव्हता.

"म्हंजी तसं रसायन न्हवं!" अप्पाराव गडबडला. "माशांचं हाय. प्रोबाटिक!"

"आडवी बाटली झाली, उभी बाटली झाली," सुलेखा म्हणली, "आता ही प्रोबाटली कंची?"

"बाटली नाय बाई, जंतू! चांगले जंतू असतेत. हे इरजण हाय. तळ्याला लावायचं. इशाखाला फोन लावा, तिनंच सांगितलंय."

"आन् 'तुझ्या आईला सांगितलं नाय' असं कुनाला सांगत व्हता काल?" दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "मी ह्या कानानं ऐकलंय."

सत्यभामेनं फक्त मान वर केली. अप्पारावानं तिच्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षं तिथून निघून चालली होती, एक-एक करून, बसमधून उतरल्यासारखी.

"लपवलं ही चूक झाली," तो म्हणला. "पर मी प्यालो नाय. सत्यभामा, तुझी आन."

"सगळेच आन घेतेत, भाऊ," एक म्हातारी बाई म्हणली. "आमच्या ह्यांनी तर माझी आन घेता घेता ग्लास भरला व्हता."

फोन लावला, तर विशाखाचा लागंना. ती कोळंबीच्या तळ्यावर असली की फोन ऑफिसात ठेवती. बायांनी काठ्या सरसावल्या. अप्पारावानं बादली टाकून ड्रमाला दोन्ही हातांनी मिठी मारली. दिसायला ते फारच वाईट दिसलं. कुठल्याही दारुड्यानं ड्रमाला एवढ्या प्रेमानं कवटाळलं नव्हतं.

"थांबा!"

कडब्याच्या गंजीमागून एक आवाज आला, आन् आवाजामागून पुंजाराम आला. डोळे लाल, केसात कडब्याचं पान, हातात स्टीलचा ग्लास. बायकोला बघून त्यानं ग्लास पाठीमागं घेतला, पण त्याला उशीर झाला होता.

"तुमी इथं काय करायलात?" दगडाबाई किंचाळली.

"तू मधी बोलू नको. माझी फसवनूक झालीय." पुंजाराम थेट समितीपुढं येऊन उभा राहिला. आजवर तो समितीला बघून पळायचा, आज फिर्याद घेऊन आला होता. "सकाळी सातपासून बसलोय इथं. वास घेऊन आलो. म्हणलं अप्पानं आठ वर्षांनी लावलीय, तर जुना हात हाय, चांगलीच लावली आसंल. एक ग्लास घेतला. काय नाय. म्हणलं हळू चढनारी हाय. दुसरा घेतला. काय नाय. तिसरा घेतला. तीन ग्लास, बायांनो! अन् मी हा असा." तो एका पायावर उभा राहिला. हलला नाय. दुसऱ्या पायावर उभा राहिला. "बघा! ही काय दारू हाय? नुसता आंबट कोंडा! अप्पा, लाज वाटाया पायजे तुला. एवढा गूळ वाया घालवला."

आधी एक बाई हसली, मग तिच्या नादानं बाकीच्या. म्हातारी बाई तर कडब्यावरच बसली. सुलेखा म्हणली, "ताई, पुंजाराम भाऊनी सांगितलं म्हंजी परश्नच मिटला. ह्या इषयात तालुक्यात त्यांच्याएवढा जाणकार माणूस नाय."

झालं. अप्पाराव सुटला. पण सुटताना त्याच्या तोंडाला एक कडू चव आली. आठ वर्षं पाणी पिऊन काढली, आन् आपली शपथ कुणी खरी धरली नाय. पुंजारामाच्या तीन ग्लासांवर सगळ्यांचा भरवसा बसला.

सत्यभामा मात्र हसत नव्हती. ती ड्रमाजवळ आली. "पोरीनं काय सांगितलं व्हतं? तयार झालं हे कसं वळखायचं?"

"ताकावानी आंबट लागलं पायजे. जिभंला लावून बघायचं."

"मग लागतंय का?"

"म्हाईत नाय."

"चाखलं नाय?"

"नाय."

"का?"

अप्पाराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "ड्रमातलं तोंडाला लावायचं नाय, आसं ठरलंय ना आपलं. आता त्यात काय हाय ते... ड्रम तो ड्रमच."

सत्यभामेनं गोधडी बाजूला केली, ड्रमात हात घातला, ओंजळीत घेतलं आन् सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. दारूबंदी समितीच्या अध्यक्षानं, समितीच्या हजेरीत, ड्रमातून.

"ताकापेक्षा जरा जादाच आंबट हाय," तोंड पुसत ती म्हणली. "तयार झालंय. चला, उचला."

"उचला कसं?" दगडाबाई आडवी आली. तिचा हसण्यात भाग नव्हता. "ठराव काय हाय? जागेवर नष्ट करायचं. सुलेखा, वाच गं मोबाइलमधी. माझा ड्रम उलटला तवा कुणी चाखून बघितला व्हता? कुणी साक्षीदार बोलावला व्हता? माझा नवरा पितो म्हून माझं जीवामृत बी दारू. हिचा नवरा प्यायचा थांबला म्हून हिचं रसायन बी ताक!"

तळ्याकडून वारा आला, त्याबरोबर अंडी फोडल्याचा वास आला. अप्पारावानं बघितलं, काठाला आणखी चार पांढरी पोटं लागलेली.

"खरं हाय तुझं," सत्यभामा म्हणली. "चूक झाली व्हती. लाथ मीच घातली व्हती."

दगडाबाईला हे ऐकायचं होतं की नाय कोण जाणे. वर्षभर ती भांडायची तयारी करत होती, माफी ऐकायची नाय. तिचा हात कमरेवरून खाली आला.

"मग चाखायला पायजे व्हतं," ती पुटपुटली.

"जीवामृत?" सुलेखा म्हणली. "शेण-गोमूत्र?"

"मग काय झालं? अध्यक्षांनी चाखायला नको?"

ह्यावर दगडाबाई स्वतःच फिस्सकन हसली, आन् मग तिला थांबवणं कठीण गेलं. हसता हसता डोळे पुसले. "उलटायचा म्हंजी उलटायचा पर," डोळे पुसत ती म्हणली. "ठराव मोडायचा नाय."

"उलटायचाच हाय," सत्यभामा म्हणली. "पर तळ्यात. 'जागेवर' लिवलंय. कंच्या जागेवर ते कुठं लिवलंय?"

मग सात बायांनी, एका माजी पिणाऱ्यानं आन् एका चालू पिणाऱ्यानं मिळून तो ड्रम तळ्यावर नेला. पुंजाराम वाटभर सांगत होता की मधी सांडू नका, अजून जरा थांबलं तर चढंल कदाचित. काठाकाठानं फिरून बायांनी बादल्यांनी ते तळ्यात ओतलं. पाण्यावर तपकिरी साय पसरली आन् हळूहळू विरत गेली. सुलेखानं फोटो काढला. समितीच्या वहीत नोंद झाली: दोनशे लिटर रसायन जागेवर नष्ट.

बाया गेल्यावर अप्पाराव काठावर बसून राहिला. सत्यभामा मेलेले मासे जाळीनं गोळा करत होती.

"पुंजारामावर इश्वास बसला सगळ्यांचा," तो म्हणला. "माझ्यावर न्हाय बसला."

"माझा व्हता."

"उगं आता. मी बघितलं ना तुझ्या डोळ्यांत."

"ते लपवलं म्हून. प्याला म्हून न्हवं." तिनं जाळी झटकली. "तुमी प्याला नाय ते मला म्हाईत व्हतं. आज बी आन् काल बी. आठ वर्षं झाली, तुमी झोपला की रोज तुमच्या तोंडाचा वास घेते मी."

अप्पाराव काठावरून उठला. "रोज?"

"रोज. घोरता तवा सोपं पडतं."

"म्हंजी आठ वर्षं तुझा इश्वासच नव्हता!"

"इश्वास येगळा आन् वास येगळा," सत्यभामा म्हणली, आन् जाळी घेऊन पुढच्या काठाला गेली.

अप्पारावाला राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, आन् ह्या दोन्हींत नक्की कुणाला आत ठेवावं ते त्याला दिवसभर ठरवता आलं नाय.

मासे एका दिवसात बरे झाले नाहीत. विशाखाला त्या दिवशी दुपारी फोन लागला, ती म्हणली आधी खाद्य निम्मं करा, तळातला गाळ थोडा थोडा काढा, हवेचं मशीन पहाटं चालू ठेवा, आन् विरजणाला वेळ द्या. रोजचे पंधरा मरायचे ते आधी नऊ झाले, मग चार, मग एखादा. पंधरा-सोळा दिवसांनी पहाटं तळ्यावर जांभया देणारा एकपण दिसला नाय. मासे खाली गेले होते, जिथं माशांनी असायचं असतं.

दुसरा ड्रम सत्यभामेनं घराच्या पडवीत ठेवायला लावला, येणारा-जाणारा बघंल असा. ड्रम भरला की पुंजाराम सकाळी ग्लास घेऊन हजर व्हायला लागला. त्याचं म्हणणं, चढत नाय पण पोट साफ होतं. बारा वर्षांची जळजळ गेली. दगडाबाईनं आता जीवामृताचा ड्रम पण तिथंच आणून ठेवला, दोन्ही शेजारी शेजारी, आन् पुंजारामानं कुठल्यात ग्लास बुडवायचा ते तिनं त्याला मुद्दाम सांगितलेलं नाय.

मग एका सकाळी अप्पाराव खाद्याचं घमेलं घेऊन निघाला, तर सत्यभामा दारात उभी. तो तिच्यापुढं जाऊन थांबला, तोंडाचा आ केला आन् तिच्या नाकावर जोरात श्वास सोडला.

"घे. दिवसाढवळ्या घे. चोरून कशाला घेतीस?"

सत्यभामेनं पदर नाकाला लावला. "सांगून दिलेल्या वासाला काय किंमत हाय? झोपल्यावर बघते मी. तुमी जावा, मासे वाट बघत आसतील."